साइट आहे, पण गूगलवर सापडत नाही? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनो, या चुका टाळा

आधी दुखणं कोणतं ते ओळखा. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, लगेच कोलन द्या आणि जागा न सोडता आपल्या साइटचा पत्ता टाका. एकही पान आलं नाही तर साइट बहुधा गूगलच्या नोंदीतच नाही. पानं आली, पण ‘खानापूर मातीची भांडी’ असं शोधल्यावर आपण दिसत नाही, तर नोंद आहे, फक्त तुमचं पान त्या शोधाशी जुळत नाही. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पक्की खात्री सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या मोफत साधनातल्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये (पानाचा पत्ता तपासण्याच्या सोयीत) होते, कारण नोंद का झाली नाही याचं कारणही तिथे लिहून येतं.

नोंदच नसेल आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर असेल, तर पहिला संशय तिच्यावर घ्या. सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ पानावर सर्च इंजिनांना साइटपासून दूर ठेवणारी एक चौकट असते. साइट तयार होत असताना तिच्यावर टिक केली जाते आणि नंतर ती काढायची राहून जाते. दुसरा संशय रोबोट्स फाइलवर, म्हणजे सर्च इंजिनांनी साइटवर कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलवर. तिच्यात ‘डिसअलाउ’पुढे नुसती तिरकी रेघ असेल तर अख्ख्या साइटचं दार बंद आहे. एखादं पान मुद्दाम लपवायचं असेल तर त्या पानावर ‘नोइंडेक्स’ (हे पान नोंदवू नका) ही खूण लावा, पण रोबोट्स फाइलीत ते अडवू नका. अडवलं तर गूगलला आत येऊन ‘नोइंडेक्स’ वाचताच येत नाही आणि वर्णनाशिवाय नुसता पत्ता निकालात लटकत राहू शकतो.

साइटमॅप, म्हणजे आपल्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची फाइल, सर्च कन्सोलमध्ये एकदाच द्या. एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात, तुमची वीस-पंचवीस पानं सहज बसतील. ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मधून नोंदीची विनंतीही एकदाच पुरे. काही दिवस ते काही आठवडे लागतात. रोज बटण दाबल्याने काम लवकर होत नाही.

आपल्या भागात सर्वात जास्त नुकसान करते ती जुन्या फॉन्टची चूक. डीटीपीवाल्याकडून आलेला शिवाजी किंवा श्रीलिपीतला मजकूर तसाच साइटवर चिकटवला जातो. तो फॉन्ट सोबत असला की डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा खिचडा मिळतो. पानावरचं एक वाक्य कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये चिकटवून पाहा. तिथे मराठी उमटली नाही, तर सर्च इंजिनलाही ती दिसत नाही. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या मराठी अक्षरांत) आणा आणि मग ओळ न् ओळ वाचून काढा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. कुंद्याचे दर किंवा मंगल कार्यालयाची माहिती फक्त पत्रकाच्या फोटोत असेल, तर तीच खाली टाइपही करा.

दुसरी मोठी अडचण गावाच्या नावाची. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे, पण मराठी माणूस शोधतो बेळगाव. इंग्रजीतही जुनं आणि नवं अशी दोन स्पेलिंग चालू आहेत. गूगल ती बऱ्यापैकी जुळवून घेतं. जस्टडायलसारख्या, व्यवसायांची यादी देणाऱ्या डिरेक्टरीत मात्र दोन स्पेलिंगच्या दोन नोंदी होतात, एकीत जुना फोन राहतो आणि गिऱ्हाईक तिथेच हरवतं. पत्त्यात सगळीकडे अधिकृत नाव ठेवा, मजकुरात बेळगाव लिहा. पानाच्या तळाशी सगळी स्पेलिंग ओळीने कोंबू नका. ‘मेटा कीवर्ड्स’वरही, म्हणजे पानाच्या कोडमधल्या शोधशब्दांच्या यादीवरही, वेळ घालवू नका. क्रम ठरवताना ते वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं आहे.

नुसतं ‘खानापूर’ही पुरत नाही, कारण सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे. बेळगावातल्या शहापूरच्या नावाचं गाव तर ठाणे आणि यादगीर या दोन्ही जिल्ह्यांत आहे. म्हणून ‘खानापूर, जि. बेळगावी, कर्नाटक ५९१३०२’ असा पूर्ण पत्ता द्या.

मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन भाषांची साइट असेल तर प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता हवा. ‘हेच पान दुसऱ्या भाषेत इथे आहे’ हे गूगलला सांगणारी ‘एचरेफलँग’ची खूण तिन्ही पानांनी एकमेकांकडे दाखवली पाहिजे, एकतर्फी खूण धरली जात नाही. भेट देणारा कुठून आला हे पाहून आपोआप भाषा बदलणारी सोय तर नकोच. गूगलचा रोबोट बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो, त्यामुळे त्याला इंग्रजी पानच दिसत राहील.

गूगल नकाशावरच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये दुकानाचं नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा. पुढे ‘बेस्ट साडी शहापूर’ जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं. उरलेल्या जागेत प्रोफाइलमधलंच नाव नीट वाचता येईल असं ठेवा आणि गूगलला पाठवायच्या पडताळणीच्या व्हिडिओत गल्ली, पाटी आणि आतलं दुकान सलग दाखवा. खडेबाजारातून टिळकवाडीला हललात तर नवं प्रोफाइल न काढता जुन्याचाच पत्ता बदला. निपाणीच्या व्यापाऱ्याने कोल्हापूरचं गिऱ्हाईक मिळावं म्हणून तिथला नावापुरता पत्ता देणं नियमाविरुद्ध आहे. घरपोच माल किंवा सेवा देत असाल तर ‘सर्व्हिस एरिया’त कोल्हापूर घाला, तिथे वीस ठिकाणांपर्यंत सोय आहे.

‘पाचशे डिरेक्टऱ्यांत नोंद’ असं पॅकेज विकत घेऊ नका. माणसांनी निवडून साइट नोंदवणारी याहूची डिरेक्टरी २०१४ मध्ये आणि तशीच डीमॉझ ही डिरेक्टरी २०१७ मध्ये बंद झाली. आता जस्टडायल, इंडियामार्ट आणि बिंग यांवरच्या नोंदी नीट ठेवल्या तरी पुष्कळ. डिरेक्टरीला पैसे भरल्याने गूगलच्या निकालातला क्रम वर जात नाही.

आणि सर्च कन्सोल असो वा प्रोफाइल, मुख्य मालकी तुमच्याच जीमेलवर ठेवा. साइट बनवणाऱ्याला प्रोफाइलवर फक्त ‘मॅनेजर’ करा. त्याच्याच खात्यावर सगळं उघडलेलं असेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच मालकी आपल्या नावावर करून घ्या.