या चुका टाळा: नाव बदललं म्हणून फोटोचा फॉरमॅट बदलत नाही

चतुर्थीनंतरची गोष्ट. गोव्यात फोंड्यातल्या आमच्या छपाईच्या दुकानात एक काका माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-फुलांच्या सजावटीचा, फोटो घेऊन आले. बारा बाय अठरा इंचांची फ्रेम करायची होती. पेनड्राइव्हवर फाइलचं नाव ‘माटोळी.जेपीजी’, पण कॉम्प्युटर ती उघडेना. विचारल्यावर कळलं, फोटो आयफोनवर काढलेला आणि घरी मुलाने नावातलं ‘एचईआयसी’ (आयफोनचा फोटो-फॉरमॅट) खोडून ‘जेपीजी’ लिहिलेलं.

ही चूक आठवड्यातून एकदा तरी समोर येते. उकड्या तांदळाच्या डब्यावर ‘रवा’ लिहिलं म्हणून त्याचा शिरा होत नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावातलं टिंबानंतरचं ‘जेपीजी’सारखं शेपूट, ही नुसती डब्यावरची चिठ्ठी. खऱ्या जेपीजी फाइलच्या अगदी सुरुवातीला एफएफ आणि डी८ असे दोन बाइट असतात, पीएनजी या दुसऱ्या चित्र-फॉरमॅटची खूण वेगळी. बरीच सॉफ्टवेअरं हे आतलंच तपासतात. म्हणून फाइल आधी उघडायची आणि मग ‘सेव्ह अ‍ॅज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ करून जेपीजी करायची. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजीतच निघतात. एचईआयसी वाईट नाही, उलट जागा कमी खातो. २०१७ पासून आयफोन तोच वापरतात, पण जुन्या विंडोजला तो कळत नाही. ‘जेपीजी’ आणि ‘जेपीईजी’ मात्र एकच. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळी एक्स्टेन्शनला तीनच अक्षरं चालायची, म्हणून एक अक्षर गळलं.

दुसरी चूक जत्रेच्या नाटकांच्या वेळी दिसते. नाट्यमंडळाचा लोगो जेपीजीत येतो आणि लाल फ्लेक्सवर त्याच्याभोवती पांढरा चौकोन उमटतो. जेपीजीला पारदर्शकता ठाऊकच नाही. शिवाय तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून माहिती गाळतो, त्यामुळे अक्षरांच्या कडांना मळकट ठिपके येतात. हे ठिपके आल्यावर फाइल पीएनजी करून काही उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही. ज्याने लोगो बनवला त्याच्याकडून मूळ सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा एसव्हीजी मागून घ्या. ते वेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेलं, असल्याने हवं तेवढं मोठं करता येतं. नसेलच तर पारदर्शक पीएनजी. जीआयएफ नको, त्यात एका चित्राला २५६ रंगच मिळतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. बारा बाय अठराच्या फ्रेमला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. दाबलेल्या फोटोत तेवढे कुठून आणायचे?

आजोबांचा जुना फोटो स्कॅन करताना टिफ किंवा पीएनजी या तपशील न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवा. जेपीजी उघडून, थोडं सुधारून पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा तपशील जातो, आणि तसा फोटो पुन्हा काढता येत नसतो.

विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपलेलं असेल तर फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. नाहीतर ‘फोटो.जेपीजी.ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘फोटो.जेपीजी’ दिसते. तो फोटो नाही, प्रोग्रॅम आहे. उघडू नका.

काकांनी घरी जाऊन मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फ्रेममध्ये माटोळीतल्या सुपारीच्या घोसातली एकेक सुपारी वेगळी दिसते.