ऑटोमन ज्यूंवर लिहिताय? या चुका टाळा

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या लेखांची सुरुवात ठरलेली असते: 1492 साली स्पेनने ज्यूंना हाकललं आणि ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याच्या उदार सुलतान दुसऱ्या बायेझिदने त्यांना पोटाशी धरलं. लगेच सुलतानाचं ते प्रसिद्ध वाक्य, की स्पेनचा राजा फर्डिनंड कसला शहाणा, स्वतःचा देश कंगाल करून माझा श्रीमंत करतोय. हे वाक्य मिळतं ते बऱ्याच नंतरच्या ज्यू ग्रंथात. बायेझिदचे शब्द म्हणून अवतरणचिन्हांत घालू नका.

एका दिवाळी अंकाच्या लेखात तर ‘त्याआधी तुर्कांच्या राज्यात ज्यू नव्हतेच’ असं छातीठोक विधान होतं. अहो, ग्रीक बोलणारे रोमानिओट ज्यू बायझंटाइन काळापासून, म्हणजे तुर्कांच्या आधीच्या पूर्व रोमन साम्राज्यापासून, तिथलेच. 1453 मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर ओस पडलेली राजधानी भरायला सुलतान दुसऱ्या मेहमेदने त्यांना गावोगावहून सक्तीने हलवलं. 1478 च्या गणतीत सालोनिकात (आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी) एकही ज्यू सापडत नाही, तो त्यामुळे. पुढे त्याच गावात स्पेनचे निर्वासित उतरले आणि ते ज्यूंचं शहर म्हणून नावारूपाला आलं. हे सगळं समासात लिहून पाठवलं, तर लेखकाचं उत्तर: “सर, एवढ्या खोलात कोण जातं?” लेख साभार परत.

मी हातात पेन्सिल घेतली की आधी ‘उदार’ आणि ‘जुलमी’ खोडतो. त्या जागी साल, शहर आणि सुलतानाचं नाव मागतो. निम्मे लेख तिथेच गारद होतात. सालोनिकाचे ज्यू जॅनिसरींच्या, म्हणजे सुलतानाच्या खड्या पायदळाच्या, गणवेशाचं लोकरी कापड कर म्हणून पुरवत. कापडाची तक्रार झाली आणि 1637 साली चौथ्या मुरादने त्यांचे रब्बी (धर्मगुरू) यहुदा कोवो यांना ठार केलं. हा प्रसंग कोणत्या विशेषणात बसवणार?

‘मिल्लत व्यवस्था’, म्हणजे प्रत्येक धर्मसमाजाने आपल्या प्रमुखाखाली आपला कारभार पाहायचा ही पद्धत, 1453 पासून जशीच्या तशी चालू होती, हेही नको. साम्राज्यभराचा हाखामबाशी (मुख्य रब्बी) हे अधिकृत पद 1835 चं.

सालोनिकाच्या ज्यूंचा 1943 चा संहार तुर्कांच्या माथी मारू नका. शहर 1912 पासून ग्रीसकडे होतं आणि मारेकरी नाझी होते.

शेवटी आपल्याकडचा घोटाळा. बगदादचा ऑटोमन सुभेदार दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून डेव्हिड ससून बाहेर पडले, ते मुंबईत स्थिरावले. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे तिथलं ज्यू प्रार्थनामंदिर, त्यांनीच बांधवलेलं. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे तेल गाळत होते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या रेवदंड्याच्या या शनिवार तेल्यांना बगदादी करून टाकू नका.