पुराआधी घरातली वीज तोडताना

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. पण तुमच्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागतं, तो आकडा ज्याचा त्यानं काढायचा. आमच्या जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या तीन रेघा आहेत, 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या. सामान कसं हलवायचं हे शाहूपुरीतल्या माणसाला मी शिकवणार नाही. धान्य वर, कागदपत्रं वर, फ्रीज जिन्यात तिरका करून वर, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. मी फक्त विजेचं लिहिते, कारण 2021 ला मी तिथंच माती खाल्ली.

पहिला शब्द इन्व्हर्टर. यादी कागदावर करणार असाल तर सगळ्यात वर हा एकटा शब्द लिहा आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढा. मेन बंद केला म्हणजे घर बंद झालं, हे इन्व्हर्टर असलेल्या घरात साफ खोटं आहे. बाहेरची लाईट कधी जाते याची वाट बघत बसणं हेच त्याचं काम. तुम्ही मेन खाली ओढलात की त्याच्या लेखी लाईट गेली, आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर तो बॅटरीवरून 230 व्होल्ट घरात सोडतो. म्हणजे मेन बंद करणं हेच इन्व्हर्टर चालू करणं झालं. एमएसईबीनं रस्त्यावरच्या डीपीवरून अख्ख्या गल्लीची लाईन बंद केली तरी तेच. "ते बंद करतातच की, आपण कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

2019 ला आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता, म्हणून तेव्हा काही चुकलं नाही. 2020 मध्ये घरून काम सुरू झालं आणि आम्ही तो घेतला. वर शहाणपण असं की, पूर आला तर भिजू नये म्हणून जिन्याच्या वळणावर, 2019 च्या रेघेच्या वर, लोखंडी स्टँड मारून बसवला. जुलै 2021 ला पाणी अंगणात आलं तसा मी मेन बंद केला, पेटीतली सगळी बटणं खाली केली असं स्वतःला सांगितलं, आणि मोठी कामगिरी केल्यासारखी सामानाच्या मागं लागले. दीड-दोन तासांनी हॉलमध्ये पोटरीएवढं पाणी. टीव्हीखालच्या कपाटात औषधांचा डबा राहिला होता, तो काढायला उतरले. कपाटाशेजारी जमिनीपासून फूटभर उंचीवर एक प्लगचा बोर्ड आहे, तो तेव्हा पाण्याखाली गेलेला. कपाटाजवळ गेले तशा पोटरीत मुंग्या आल्या. मला वाटलं गार पाण्यानं. अजून एक पाऊल टाकलं तर गुडघ्याखालचा पाय आपोआप आखडला. तेवढ्यात जिन्यातून सासूबाई म्हणाल्या, "मेन बंद केलास म्हणतीस, मग ह्यो पंखा कशापायी फिरतोय गं?"

वर बघितलं तर पंखा फिरत होता. दोन तास आम्ही सगळे त्या वाऱ्यात काम करत होतो आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. दिरांनी कोरड्या पायरीवरूनच इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. मी दोन पावलं मागं आले होते म्हणून हे लिहिते आहे.

तर इन्व्हर्टरचं काय करायचं ते क्रमानं सांगते, आणि हे पाणी गल्लीच्या तोंडाशी असतानाच करायचं. समोरचं बटण बंद करा. एवढ्यावर थांबू नका, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये बटण बंद असलं तरी बाहेरची लाईट त्याच्यातून घरात जातच राहते, बंद होतो तो फक्त बॅटरीचा भाग. म्हणून त्याची पिनही बोर्डातून काढा. मग बॅटरीची वायर सोडवा, आधी काळी, मग लाल, आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. पाना हातात घ्यायच्या आधी अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. बॅटरी 12 व्होल्टची असली तरी पाना दोन्ही टोकांना टेकला तर अशी ठिणगी उडते की डोळ्यापुढं अंधारी येते, आणि ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो हे लक्षात असू द्या. 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. एकट्यानं उचलू नका, आडवी तर अजिबात करू नका. वर न्यायची नसेल तर राहू द्या जागेवर, पण तारा सुटलेल्या पाहिजेत. उंचावर आहे म्हणून तो सुरक्षित असेल, पण तुम्ही नाही. आमचा उंचावरच होता.

आता मेन. घरातला मेन डीपी पाहिजे, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका दांड्यात तोडणारा. (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरलाही आपण डीपीच म्हणतो, त्यामुळं वायरमनशी बोलताना कुठला डीपी ते नीट सांगा. आमच्याकडं यावरून एकदा भलताच गोंधळ झालाय.) जुन्या वाड्यांत अजून लोखंडी मेन आणि चिनीमातीचं किटकॅट, म्हणजे तारेचा जुना फ्यूज, दिसतं. तिथं नुसतं फेजचं किटकॅट काढून समाधान मानू नका. कुणीतरी कधीतरी फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात, आणि मग तुम्ही काढता ते न्यूट्रलचं. दांडा खाली करा, मग किटकॅट.

बंद केलेला मेन बंदच राहील याची सोय करा. माझे एक मेहुणे शिरोलीच्या फौंड्रीत आहेत. तिथं मशिनवर काम करणारा माणूस आधी स्विचला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो, मग आत हात घालतो. घरात एवढं नको वाटलं तरी पेटीच्या दाराला छोटं कुलूप घाला, किंवा ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा. मोबाईल चार्ज करायचाय म्हणून बटण वर करणारा एक जण प्रत्येक घरात असतोच. आणि मेन का बंद ठेवायचा, तर पाणी ओसरल्यावर गल्लीची लाईन कधी चालू होईल हे तुम्हाला कुणी घरी येऊन सांगणार नाही.

पेटीत काय आहे ते पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच बघून घ्या. इथं लोकांची एक ठाम गैरसमजूत आहे की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण, आहे म्हणजे शॉक बसणार नाही. एमसीबी तुमच्यासाठी नाही, वायरीसाठी आहे. एडिसननं 1880 मध्ये बारीक तारेच्या फ्यूजचं पेटंट घेतलं, ते जास्त करंटनं वायर तापून आग लागू नये म्हणून. 1924 मध्ये जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झनं तार न बदलता परत वर करता येणारा छोटा ब्रेकर आणला. आपल्या पेटीतले एमसीबी त्याचेच वंशज. काम दोघांचं एकच, वायर वाचवणं. लाईट-पंख्याच्या 6 अँपिअरच्या एमसीबीतून 6000 मिलिअँपिअर खुशाल जातात. कॅलिफोर्नियातला चार्ल्स डॅल्झील नावाचा प्राध्यापक माणसांवर प्रयोग करून बसला होता की किती करंटला हात वायर सोडू शकत नाही. पुरुषांसाठी सरासरी 16 मिलिअँपिअर निघाले, बायकांसाठी साधारण साडेदहा. म्हणजे एमसीबीला खबर लागायच्या कितीतरी आधी आपला हात चिकटलेला असतो.

माणसासाठी आहे ती आरसीसीबी. डॅल्झीलनंच 1961 मध्ये तिचा अमेरिकी अवतार केला, आणि त्याच्याही आधी दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिननं सोन्याच्या खाणींसाठी असंच यंत्र बनवलं होतं. आतली युक्ती इतकी सोपी आहे की ऐकल्यावर हसू येतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकाच लोखंडी कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला तर दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो आणि कडं गप्प राहतं. गेला त्यापेक्षा कमी परत आला, तर मधला कुठेतरी गळतोय, कदाचित तुमच्या अंगातून. कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीला ते कळतं आणि ती खटका पाडते. घरासाठी 30 मिलिअँपिअरची घ्या, 6 अँपिअरचा दोनशेवा भाग. 100 किंवा 300 ची आगीसाठी असते, माणसासाठी नाही. तिच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, लाईट चालू असताना ते दाबा. खटकन पडली तर ठीक, नाही पडली तर आजच बदला. आमची सात वर्षांत एकदाही कुणी दाबली नव्हती.

आरसीसीबीचं हे पडणं म्हणजे आपल्या राधानगरी धरणाच्या दरवाजांसारखं आहे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते सात दरवाजे आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक, कुणाच्या हुकुमाची वाट न बघता.

पण, आणि इथं परत तेच, ही आरसीसीबी मेनजवळ बसलेली असते. मेन खाली केला की तिच्यातून काही जातच नाही, मग ती मोजणार काय? इन्व्हर्टर तिच्या पुढं जोडलेला असतो आणि स्वतःचा करंट स्वतः तयार करतो. पाण्यात बुडालेल्या बोर्डात फेजही पाण्यात, न्यूट्रलही पाण्यात, आणि मधे माझी पोटरी. आरसीसीबीला काही कळायचं कारणच नव्हतं. वायरमनला विचारून इन्व्हर्टरच्या आऊटपुटवर वेगळी आरसीसीबी बसवून घेता येते, पण न्यूट्रल नीट वेगळा काढावा लागतो, नाहीतर ती सारखी पडत राहते. आम्ही बसवली. तरी पुरात मी पिन काढतेच.

सगळं बंद केल्यावर घर खरंच मेलंय का ते बघा. टेस्टर आधी चालू बोर्डात लावून पेटतो का बघायचा, मग मेन आणि इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक खालच्या बोर्डात फिरवायचा. हे कोरड्या पायानं, चप्पल घालून. पाण्यात उभं राहून टेस्टर हातात घ्यायचा नाही. सासूबाईंची पद्धत याहून सोपी आहे आणि आता आमच्या घरी तीच चालते. बंद करायच्या आधी हॉलचा पंखा आणि एक दिवा मुद्दाम चालू ठेवायचा. सगळं बंद केल्यावर पंखा थांबला का? नाही थांबला तर इन्व्हर्टर. दुसरं काही नाही, इन्व्हर्टर.

छतावर सोलर असेल तर त्याचं थोडक्यात. लाईनला जोडलेला सोलर लाईन गेली की स्वतः बंद होतो, पण पॅनेलपासून खाली येणारी डीसी वायर दिवसाउजेडी जिवंतच असते, ढग असले तरी. डीसीचा वेगळा स्विच असतो, तो बंद करा. बॅटरीचा सोलर असेल तर वर इन्व्हर्टरबद्दल जे लिहिलं ते सगळं त्यालाही. जनरेटर लावणाऱ्यांनी चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय, लावू नये. तुमच्या घरातले 230 व्होल्ट उलटे रस्त्यावरच्या डीपीत गेले की पलीकडं 11,000 होऊन बाहेर पडतात, आणि खांबावर कुणाचा तरी मुलगा चढलेला असतो.

घरात पाणी शिरलं आणि काही बंद करायचं राहिलंच, तर जाऊ नका. वीज तक्रारीच्या 1912 नंबरला फोन करा, बाहेर थांबा. मुंग्या आल्या तर पाय न उचलता घासत मागं या. बोअरच्या मोटरीचा स्टार्टर, अंगणातला दिवा आणि गेटची बेल ही तीन नावं यादीत घाला, ती कायम बंद करायची राहून जातात.

पाणी ओसरल्यावर घाई करू नका. पाण्यात गेलेले एमसीबी, आरसीसीबी आणि प्लग वाळवून वापरू नका, आत चिखल बसलेला असतो, फेकून द्या. वायरिंग वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रानं, तपासून घ्या, एक मेगाओहमच्या खाली असेल तर अजून वाळू द्या. मग एकेक बटण वर करायचं, सगळी एकदम नाही. फ्रीज सगळ्यात शेवटी. अर्थिंगचा खड्डा चिखलानं भरलेला असेल, तोही बघा. बिल, पंचनामा, फोटो वगैरे तुम्हाला माहीत आहे.

बॅटरी जोडताना आधी लाल, मग काळी. आमची त्यानंतर खाली आलेलीच नाही. वरच्या खोलीत खिडकीपाशी असते, आणि जुलै लागला की सासूबाई काळी वायर सोडवून ठेवतात, पाऊस असो वा नसो.