डिस्ट्रिब्युटेड सीएसपी: अल्गोरिदम ‘सुधारायला’ घेण्याआधी या चुका टाळा

डिस्ट्रिब्युटेड सीएसपी (कन्स्ट्रेंट सॅटिस्फॅक्शन प्रॉब्लेम) म्हणजे बंधनं पाळून प्रत्येक व्हेरिएबलला किंमत द्यायचं कोडं, पण अनेक एजंटांमध्ये वाटलेलं. उदाहरणासाठी लांब जायला नको. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरची परभणीकडची एखादी चारी घ्या. प्रत्येक शेतकरी हा एक एजंट, त्याचा पाणी घ्यायचा वार हे व्हेरिएबल आणि एका दिवशी एकानेच दारं धरायची हे बंधन. सगळी यादी कुणा एकाकडे नसते, निरोपांवरच काम चालतं. माकोतो योकोओ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेलं असिंक्रोनस बॅकट्रॅकिंग, म्हणजे एबीटी, असंच चालतं: कुणी कुणाची वाट बघत नाही आणि जो अडतो तो वरच्याला बदल करायला सांगतो.

कोड ‘उत्तर नाही’ म्हणाला की पोरं लगेच नवी ह्युरिस्टिक (निवडीचा अंदाजी नियम) शोधायला धावतात. दोष बहुतेक वेळा शिळ्या नोगुडचा असतो, म्हणजे ‘ही जुळणी जमत नाही’ असं सांगणाऱ्या, पण आता लागू नसलेल्या निरोपाचा.

समजा वरच्याने सोमवार घेतला, मधल्याने मंगळवार, आणि शेपटाच्या शेतकऱ्याला चालतात तेच दोन वार. तो अडतो आणि मधल्याला नोगुड धाडतो: ‘वरचा सोमवारी, तू मंगळवारी, हे जमत नाही.’ निरोप वाटेत असतानाच वरचा बुधवारवर सरकतो आणि मधल्याला ते कळलेलंही असतं. आता तो नोगुड मधल्याने टाकून द्यायचा आणि आपला मंगळवार शेपटाला पुन्हा कळवायचा. पुष्कळ कोडमध्ये ही तपासणीच नसते. मग मंगळवार कायमचा बाद होतो. खरं तर बुध, मंगळ, सोम हे उत्तर समोरच होतं! म्हणून नोगुड आला की आधी त्यातली प्रत्येक किंमत (इथे वार) आपल्या एजंट व्ह्यूशी, म्हणजे इतरांच्या किमतींच्या आपल्याकडच्या ताज्या नोंदीशी, ताडून बघा. एकाच शेजाऱ्याचे निरोप पाठवल्या क्रमाने पोचतात ना, तेही बघा. यूडीपी या नेटवर्क प्रोटोकॉलवर त्याची हमी नसते.

सगळे एजंट गप्प झाले म्हणजे काम संपलं, हा दुसरा गैरसमज. एखादा निरोप अजून वाटेत असू शकतो. चँडी-लॅम्पोर्टचा १९८५चा स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या एजंटांची आणि वाटेतल्या निरोपांची एकसंध नोंद घ्यायची रीत, त्यासाठीच आहे.

अडलेल्याला वरचा मान देणारा वीक-कमिटमेंट सर्च हा दुसरा अल्गोरिदम वेगवान खरा, पण मेमरी वाचवायला नोगुड फेकलेत तर उत्तर सापडण्याची हमीही गेली. अडकला की मोडलेल्या बंधनांचं वजन वाढवत पुढे जाणाऱ्या ब्रेकआउट अल्गोरिदमला ती हमी मुळातच नाही. उत्तरच नसलेलं कोडं दिलं तर तो फिरतच राहील.

राहिलं मोजमाप. एकाच लॅपटॉपवर पन्नास थ्रेड चालवून सेकंद मोजण्यात काही अर्थ नाही, कारण तो वेळ प्रोसेसरच्या वाटणीचा असतो. निरोपांची संख्या आणि एकामागून एकच होऊ शकणाऱ्या बंधन-तपासण्या मोजा. कोडीही अवघड घ्या: जोडलेल्या नोडना वेगळे रंग द्यायच्या तीन रंगांच्या रँडम ग्राफमध्ये जिथे कडा (नोड जोडणारे दुवे) नोडच्या साधारण २.३ पट असतात, तिथे खरा कस लागतो. कडा त्याहून बऱ्याच कमी असल्या की कुठलाही अल्गोरिदम हुशारच दिसतो.