अँग्रच्या धाटणीचं निळं सॅटिन रंगवताना

फ्रेंच चित्रकार अँग्रच्या १८५१–५३ मधल्या प्रिन्सेस द ब्रॉयच्या व्यक्तिचित्रात चेहऱ्यापेक्षा निळा सॅटिनचा झगाच भाव खाऊन जातो. तसं कापड तैलरंगात रंगवायचं तर दोनेक मीटर खरं सॅटिन पुतळ्यावर चढवा, चुण्या टाचण्यांनी पक्क्या करा आणि उजेड एकाच खिडकीतून घ्या. दुसरा दिवा लागला की चकाकी विस्कटते.

आधी कोळशाने रेखाटन, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरने (मातकट तपकिरी रंग) नुसता छायाप्रकाश. हा थर वाळू द्या. मग निळ्यासाठी प्रशियन ब्लू, हा गडद निळा रंग, ब्रशच्या अगदी टोकावर येईल एवढाच घ्या. पांढऱ्यात तो बघता बघता सगळं गिळून टाकतो. छायेत थोडं रॉ अंबर.

खरी गोम मधल्या छटेत आहे. सॅटिनमध्ये ती अरुंद असते, उजळ पट्ट्याला गडद जवळपास खेटूनच येतो. तिथे ब्रश घोटत बसलात की सॅटिनचं मखमल होतं. चुणीच्या पोटात शेजारच्या कापडाचा परतलेला उजेड असतो, तो गाळू नका. चकाकीत निव्वळ पांढरा मात्र पिठूळ दिसतो. किंचित निळा मिसळा.

लेस सगळ्यात शेवटी, वाळलेल्या थरावर, बारीक ब्रशने. वरच्या थरात तेल जास्त, खालच्यात कमी. उलटं झालं तर रंग तडकतो.