अडीच म्हणजे हाल्प द्राय

जर्मनीत नव्याने आलेला मराठी माणूस जर्मन शिकायला बसतो तो इंग्रजीतून, आणि निम्मी मेहनत तिथेच वाया जाते. ॲप इंग्रजीत, वही इंग्रजीत, 'द टेबल म्हणजे टिश' असं पाठांतर. इंग्रजीत नामाला लिंग नाही, आपल्याकडे जर्मनसारखीच तीन आहेत. इंग्रजीत 'यू' एकच, आपल्याला डू आणि झी समजावून सांगावं लागत नाही, तू आणि तुम्ही माहीतच असतं. पंचवीसमध्ये पाच आधी येतात आणि वीस नंतर, फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिशमध्येही तेच. तेव्हा खालचे खेळ मराठी-जर्मन असेच खेळा. एक खेळ पाच मिनिटं, मोठ्याने बोलून. मनातल्या मनात खेळलात तर उपयोग शून्य.

सुरुवात घड्याळापासून, कारण इथली चूक महागात पडते. 'हाल्प आख्ट' म्हणजे साडेसात. साडेआठ नव्हे. परत सांगतो, साडेसात. जर्मन माणूस पुढच्या तासाकडे बघून बोलतो: आठवा तास अर्धा झाला. इंग्रजीतून विचार करणारा 'हाफ एट' ऐकतो आणि परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, तासभर उशिरा पोचतो. मग ती वेळ गेली, आणि पुढची कधी मिळेल ते त्यांच्या मर्जीवर. मराठीत 'साडे'ची चाल उलटी असली तरी एक शब्द आपल्या बाजूने आहे: अडीच. तो संस्कृत 'अर्धतृतीय'पासून आला, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे. हाल्प द्राय हेच सांगतो.

खेळ असा. बारा चिठ्ठ्या करा, एका बाजूला मराठी वेळ, दुसऱ्या बाजूला जर्मन. पहिल्या दोन दीड (हाल्प त्स्वाय) आणि अडीच, मग साडेतीनपासून साडेबारापर्यंत. पिसा, मराठी बाजू बघून जर्मन म्हणा, चुकलेली चिठ्ठी गड्डीच्या तळाशी. बारा चिठ्ठ्या एका मिनिटात झाल्या की उलट बाजूने. तरीही टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ठरवताना भरवसा ठेवू नका. समोरच्याला चोवीस तासांच्या भाषेत परत विचारा: 'अल्झो, झीबेन उअर द्रायसिश?' पूर्वेकडे आणि दक्षिणेच्या काही भागांत 'फिर्टेल आख्ट' ऐकू येईल. ते सव्वासात. 'द्रायफिर्टेल आख्ट' म्हणजे पावणेआठ, आणि तो मात्र मराठी कानाला लगेच पटतो.

आकड्यांसाठी दुकानात गल्ल्यापाशी रक्कम आधी ऐका, मनात धरा, मगच पडद्याकडे बघा. एवढं पुरे.

आता आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारा, त्याचं लिंग सांगणारा शब्द: पुल्लिंगी डेर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास. नाम कधीही एकटं पाठ करू नका. 'टिश' नाही, 'डेर टिश'. वहीत दोनशे शब्द नुसते लिहून ठेवणारे पुढे ते दोनशे पुन्हा पाठ करतात, आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड जातं कारण तोंडाला चुकीची सवय लागलेली असते. मराठीत तीन लिंगं असल्याने कल्पना कळते, पण मराठीचं लिंग उचलून जर्मनवर ठेवू नका. सूर्य तो, पण डी झोने. खिडकी ती, पण डास फेन्स्टर. दूध ते, पण डी मिल्श. मुलगी तर डास मेडशेन, कारण शेवटी 'शेन' लागलं की शब्द नपुंसकलिंगीच.

तीन रंगांचे चिकट कागद आणा: डेरला निळा, डीला लाल, डासला हिरवा. घरातल्या फक्त दहा वस्तूंना लावा आणि जाता-येता आर्टिकलसकट शब्द म्हणा. तीन दिवस न चुकता आला की तो कागद काढा आणि दुसऱ्या वस्तूला लावा. कागद महिनाभर तसेच राहिले की भिंतीचा भाग होतात, डोळा तिकडे जातच नाही. जेवायला बसताना चमचा, काटा, सुरी मांडा: डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. एका ताटाशी तिन्ही लिंगं.

दुसरा खेळ शेपटांचा. 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' या शेपटांची नामं डी. पहिल्या आठवड्यात कानावर पडणारे शब्दच घ्या: वोनुंग, आनमेल्डुंग, रेश्नुंग, फरझिशेरुंग. घर, पत्त्याची नोंदणी, बिल, विमा, सगळ्या 'ती'. पत्रपेटीत आलेल्या कुठल्याही सरकारी पत्रात दोन मिनिटांत असे किती सापडतात ते मोजा. भरपूर सापडतात, सरकारी पत्रांचा हा एवढाच आनंद.

दोघं-तिघं असाल तर जर्मन मुलांचा जुना सुटकेसचा खेळ खेळा: 'इश पाके माइनेन कोफर उंट नेमे ... मिट', म्हणजे मी माझी सुटकेस भरतो आणि अमुक बरोबर घेतो. प्रत्येकाने आधीच्या सगळ्या वस्तू म्हणून आपली एक जोडायची. कर्मपदी फक्त डेरचं रूप बदलतं: आइन शिर्म (छत्री) नाही, आइनेन शिर्म. आइने टाशे आणि आइन बूख जसेच्या तसे. म्हणून पहिली फेरी फक्त डेर शब्दांची ठेवा. सरमिसळ केली तर सोप्या शब्दांच्या आड चूक लपते.

मराठी दगा देते ती पुढच्या खेळात. किल्ली टेबलावर आहे आणि किल्ली टेबलावर ठेवली, दोन्हीकडे आपलं 'टेबलावर' एकच. जर्मनमध्ये असेल तर आउफ डेम टिश, ठेवताना आउफ डेन टिश. पिशवी असेल तर इन डेर टाशे आणि इन डी टाशे. एकाने किल्ली लपवायची, दुसऱ्याने विचारायचं, आणि ठेवताना व सापडल्यावर दोन्ही वाक्यं म्हणायची. एकटे असाल तर रोज घरी आल्यावर किल्ली ठेवताना म्हणा.

क्रियापदांना दोन फासे. पहिल्यावर इश, डू, एर, वीर, ईर, झी. दुसऱ्यावर फारेन, लेझेन, एसेन, श्प्रेशेन, नेमेन, श्लाफेन. घोटाळा दोन आणि तीन पडल्यावरच होतो, कारण तिथे मधला स्वर बदलतो: डू फेर्स्ट, डू निम्स्ट, एर श्प्रिश्ट. (एर इस्ट म्हणजे तो आहे आणि तो खातो, ऐकायला दोन्ही सारखंच.) बाकीचे आकडे पडले तर खुशाल पुन्हा टाका.

'वाइल' आलं की क्रियापद शेवटी जातं. यावर इंग्रजी वळणाचे लोक आठवडे घालवतात. 'वाइल इश म्यूडे बिन', 'कारण मी दमलेला आहे'. शब्दाला शब्द. पुढे चला.

नावाचं स्पेलिंग मात्र सोडू नका. जर्मन ई हे अक्षर 'ए' म्हणतात आणि आय हे 'ई'. फोनवर देशपांडे इंग्रजी पद्धतीने सांगितलंत तर शेवटी भलतंच अक्षर लिहिलं जाईल आणि विमा कार्ड चुकीच्या नावाने येईल. डे, ए, एस, हा, पे, आ, एन, डे, ए. शेजाऱ्यांच्या पत्रपेट्यांवरची नावं अशी वाचत जिना चढा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीच्या, तोंडी परीक्षेत हे विचारतातच.

'ऑफिसात इंग्रजी चालतं' म्हणणारे जुने मराठी लोक भेटतील. मुलाच्या किंडरगार्टनमधल्या पालकसभेला दुभाषा शोधत फिरणारे तेच असतात. आणि जर्मन माणूस तुम्ही अडखळताच इंग्रजीवर येईल, चांगुलपणाने. त्याला हसून 'बिटे आउफ डॉइच' म्हणा आणि तेच वाक्य पुन्हा सुरू करा, आर्टिकलसकट.