ड्रोनने मोजणीसाठी फोटो काढताना

आधी ठरवायचं ते एवढंच: जमिनीवरची सर्वांत लहान कोणती गोष्ट फोटोत दिसायला हवी? त्यावरून उंची ठरते. सेन्सर १३.२ मिमी रुंद, लेन्स ८.८ मिमीची आणि फोटो ५,४७२ पिक्सेल रुंद असेल, तर १०० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २.७ सेंमी भरतो. उंची निम्मी केली की पिक्सेलही निम्मा होतो, पण तेवढ्याच क्षेत्राला फोटो चौपट लागतात. उगाच खालून उडवू नये.

ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंत सारखाच दिसणारा भाग, पुढच्या दिशेने ८० टक्के, बाजूने ७० टक्के ठेवा. दाट झाडीवर दोन्ही ८५च्या वर न्या; पानं हलत असल्याने फोटो जोडून नकाशा करणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन फोटोंतले समान बिंदू सापडत नाहीत.

खरी फसगत चढ-उतारावर होते. आधी आखून दिलेल्या साध्या उड्डाणात उंची उड्डाणाच्या जागेपासून धरली जाते. १०० मीटरवर उडणारा ड्रोन ४० मीटर उंच टेकडीवर गेला की खाली ६०च मीटर उरतात, आणि बाजूचा ७० टक्के ओव्हरलॅप ५०वर येतो. नकाशाला भोकं पडतात ती इथेच. भूरूपानुसार उंची बदलण्याची सोय चालू करा, नाहीतर उड्डाण माथ्यावरूनच करा.

फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स हातानेच पक्के करा. सेकंदाला ८ मीटर वेग आणि १/५०० शटर असेल तर फोटो १.६ सेंमी फरफटतो. १/१००० ठेवलं की ०.८.

जमिनीवरचे खुणेचे बिंदू किमान पाच: चार कोपऱ्यांना, एक मधोमध. त्यांची जागा आरटीके जीपीएसने (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) मोजा. याशिवाय आणखी काही बिंदू मोजून सॉफ्टवेअरपासून राखून ठेवा आणि नकाशा तयार झाल्यावर त्यांच्याशी ताडून पाहा. हे टाळलं तर अचूकतेबद्दल काहीही म्हणायचा हक्क राहत नाही, कारण बारीक पिक्सेल म्हणजे अचूक मोजमाप नव्हे. सगळे फोटो सरळ खाली काढले तर लेन्समुळे फोटोत येणारी वक्रता सॉफ्टवेअर चुकीची काढतं आणि सपाट शेत मधोमध फुगलेलं किंवा खचलेलं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा २०-३० अंश तिरका करून एक जादा फेरी.

मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे स्वतंत्र टिपणारा) असेल तर परावर्तन-पट्टीचा (किती प्रकाश परत फेकते ते आधीच माहीत असलेल्या पट्टीचा) फोटो उड्डाणाआधी आणि नंतरही घ्या. मध्येच ढग आले तर ती फेरी पुन्हा करा.

मूळ फाइलींना हात लावू नका. फोटो कापला किंवा फिरवला की लेन्सचं गणित बिघडतं.